‘अकरा बॉल, दोन पौंड हवा कमी’ हे फॉरवर्ड करायच्या आधी आकडे तरी बघा

आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाने (चुलतभाऊ, नाशिकला असतो, अमेरिकन फुटबॉलशी त्याचा संबंध शून्य) एक लांबलचक फॉरवर्ड टाकलं आणि खाली लिहिलं, "तुमच्या गावची टीम ना ही? छान संस्कार आहेत." मी बॉस्टनजवळ राहते म्हणून हा टोमणा. त्यावर आत्याचं "पैशापुढे सगळं चालतं बाई", मावशीचे हात जोडलेले इमोजी, आणि हे सगळं माझ्या फोनवर माझ्या मुलाने वाचलं, जो पॅट्रियट्सची जर्सी घालून झोपतो, आणि आता मला विचारतोय की आपली टीम खरंच चोर आहे का. त्यानंतर तेच फॉरवर्ड इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवरही फिरताना दिसलं, म्हणजे ज्यांना माहीत असायला हवं तेही पुढे ढकलतायत. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

फॉरवर्ड काय म्हणतंय ते थोडक्यात: न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने २०१५ मध्ये अकरा बॉलमधली दोन-दोन पौंड हवा काढून सेमीफायनल जिंकली, विज्ञानाने ते सिद्ध झालं, कोर्टानेही टॉम ब्रॅडीला (बॉल फेकणारा त्यांचा मुख्य खेळाडू) दोषी ठरवलं, त्याने पुरावा असलेला फोन फोडला, आणि एवढं करून नुसता दंड भरून सुटले, क्रिकेटमध्ये स्मिथ-वॉर्नरला वर्षभर घरी बसवलं, इथे मात्र ट्रॉफीसुद्धा परत घेतली नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की यात प्रत्येक टीम आपली बॅटिंग असल्यासारखी आक्रमण करते तेव्हा स्वतःचे बॉल वापरते. बॉलमधली हवा १२.५ ते १३.५ पीएसआयच्या (म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, फॉरवर्डमधला ‘पौंड’ तोच) मध्ये हवी असा नियम, मॅचआधी रेफरी तपासतो. ब्रॅडीला मऊ बॉल आवडायचा, म्हणून पॅट्रियट्स बरोब्बर १२.५ ला ठेवायचे. दुसऱ्या टीमच्या ॲरन रॉजर्सला उलट टणक आवडायचा. हे उघड गुपित होतं.

आता "हवा काढून जिंकले". १८ जानेवारी २०१५, समोर इंडियानापोलिस कोल्ट्स, स्कोअर ४५-७. हाफटाइमला १७-७ होता. हाफटाइमला बॉल तपासले, हवा भरली, आणि भरलेल्या बॉलने दुसऱ्या हाफमध्ये पॅट्रियट्सने २८ केले, कोल्ट्सने शून्य. शिवाय त्या दिवशी खरा धुमाकूळ घातला तो ब्लाउंट नावाच्या धावणाऱ्या गड्याने, १४८ यार्ड आणि तीन टचडाउन. यावर आणखी काय लिहू.

खरा राग येतो तो "अकरा बॉल, दोन पौंड" या ओळीचा, कारण बाकी सगळा डोलारा हिच्यावर उभा आहे. ही ओळ आली कुठून? मॅचनंतर दोन दिवसांत ईएसपीएनच्या क्रिस मॉर्टेन्सनने ट्विट केलं की बारापैकी अकरा बॉल दोन-दोन पौंडांनी कमी होते. देशभर गाजलं, ब्रॅडी चोर हे त्या रात्रीच ठरून गेलं. लीगच्या (एनएफएल, हा खेळ चालवणारी संस्था) ऑफिसात खरे आकडे पडून होते आणि त्यांनी ते ट्विट खोटं आहे असं एका शब्दाने सांगितलं नाही. उलट लीगने टीमला जे पत्र पाठवलं त्यात एक बॉल १०.१ भरला असं लिहिलं होतं. १०.१ भरलेला एकही बॉल नव्हता!

हे मी पॅट्रियट्सच्या वकिलाचं ऐकून बोलत नाहीये. लीगनेच नेमलेल्या टेड वेल्स नावाच्या वकिलाचा २४३ पानी रिपोर्ट मे २०१५ मध्ये आला, त्यातच तक्ता आहे. हाफटाइमला अकरा बॉल दोन वेगवेगळ्या गेजने (हवेचा दाब मोजायचं यंत्र) मोजले. एका गेजवर सरासरी ११.११ आली आणि दुसऱ्यावर ११.४९. नीट वाचा, तेच बॉल, तीच खोली, तीच वेळ, आणि दोन गेजमध्ये साधारण पाव ते अर्ध्या पौंडाचा फरक. दोन पौंडांची घट म्हणजे १०.५, आणि त्या सगळ्या तक्त्यात १०.५ हा आकडा एकदाच येतो, एका बॉलला, एका गेजवर. तोच बॉल दुसऱ्या गेजवर १०.९ आहे. अकराचे अकरा कुठून आणले?

मग कोणी म्हणेल, दोन नाही तर एक पौंड, कमी तर होतेच ना. होते. आणि कमी असायलाच हवे होते! इथे नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली की सकाळी गाडीत टायर प्रेशरचा दिवा लागतो, तेव्हा आपण शेजाऱ्यावर हवा काढल्याचा आळ घेत नाही. बॉल भरले खोलीत, तिथे तापमान साधारण २२ अंश सेल्सिअस, आणि खेळले बाहेर ९ अंशांत पावसात. आपण सगळ्यांनी बारावीला जो वायूचा नियम घोकला तो लावा, फक्त गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेच्या दाबाचे १४.७ मिळवायला विसरू नका (सुरुवातीला कित्येक शहाणे तिथेच विसरले होते), १२.५ चा बॉल ११.३ च्या आसपास येतो. कोणीही हात न लावता.

आणि हे लीगच्याच पैशाने काम केलेल्या एक्स्पोनंट नावाच्या कंपनीनेही मान्य केलंय. त्यांचं गणित सांगतं की पहिला हाफ संपताना, खोलीत आणायच्या आधी मोजले तर पॅट्रियट्सचे बॉल ११.३२ ते ११.५२ मध्ये भरायला हवेत. आता वर बघा, एका गेजची सरासरी ११.४९. बसतंय की नाही? दुसऱ्या गेजची ११.११, ती बसत नाही. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरतो की मॅचआधी रेफरीने यातला कुठला गेज वापरला होता. रेफरी वॉल्ट अँडरसनने सांगितलं की माझ्या आठवणीप्रमाणे लोगो असलेला, म्हणजे ज्याची सरासरी ११.४९ येते तो. वेल्स रिपोर्टने त्याच रेफरीच्या बाकी सगळ्या आठवणींवर विश्वास ठेवला आणि नेमकं इथे म्हटलं की नाही, बहुधा त्याची गल्लत होतेय, दुसराच वापरला असणार. मॅचआधीचे आकडे कोणी लिहूनच ठेवले नव्हते, त्यामुळे तपासायचा मार्ग नाही. आणि गंमत म्हणजे कोल्ट्सने आदल्या दिवशीच लीगकडे तक्रार केली होती, म्हणजे संशय आधीपासून होता, तरी कागद-पेन घेऊन चार आकडे टिपायचं कोणाला सुचलं नाही.

कोल्ट्सचे किती बॉल मोजले माहितीये का? चार. हाफटाइम संपत आला म्हणून थांबले. त्या चारपैकी तीन एका गेजवर १२.५ च्या खाली होते, आणि ते तर १३ ला भरलेले. त्यांना कोणी चोर म्हटलं नाही, आणि म्हणूही नये, थंडी होती. एवढ्या तुटपुंज्या मोजमापावर "विज्ञानाने सिद्ध" म्हणणाऱ्याला आमच्या फिजिक्सच्या सरांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

आता जे मान्य करायला हवं ते करते, नाइलाजाने. बॉल सांभाळणारा जो माणूस होता, मॅकनॅली, तो मॅचच्या आधी रेफरीला न सांगता बॉलची पिशवी घेऊन निघाला आणि वाटेत बाथरूममध्ये गेला, १ मिनिट ४० सेकंद, कॅमेऱ्यात आहे. याच माणसाने आधीच्या वर्षी एका मेसेजमध्ये स्वतःला गंमतीत "डिफ्लेटर" म्हटलं होतं, आणि टीमच्या वकिलांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं की ते वजन कमी करण्याबद्दल होतं. हे वाचून मलाही हसू आलं, इतकं लंगडं. तेव्हा कोणीतरी कधीतरी सुईने हवा काढायचा हे शक्य आहे, मी नाही म्हणत नाही. फोनचंही तेच, चौकशीच्या मुलाखतीच्या दिवसाच्या आसपास ब्रॅडीने जुना फोन नष्ट करवला, मी नेहमीच जुने फोन नष्ट करतो म्हणाला, आणि त्याचं टायमिंग बघून त्याच्या बाजूचे लोकही डोक्याला हात लावून बसले. पण चौकशीला सहकार्य न केल्याबद्दल याच लीगने २०१० मध्ये ब्रेट फार्वला काय केलं होतं? ५०,००० डॉलर दंड. एकही मॅच बाहेर नाही.

"कोर्टाने दोषी ठरवलं." हे वाक्य लिहिणाऱ्याने निकाल उघडून तरी बघितला असेल का? वेल्स रिपोर्टचा निष्कर्षच मुळात असा आहे की ब्रॅडीला या प्रकाराची निदान साधारण कल्पना होती हे, नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त. झालं एवढंच. त्यावर लीगने चार मॅच बाहेर बसवलं. अपील ऐकायला बसले कोण तर स्वतः कमिशनर रॉजर गुडेल, ज्यांच्या लीगने शिक्षा दिली तेच, आणि अपिलात "साधारण कल्पना" फुगून "यानेच घडवून आणलं" झालं. चौकशी स्वतंत्र होती म्हणे, आणि तिच्या ड्राफ्टवर लीगच्या मुख्य वकिलाने शेरे मारलेले. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायाधीश बर्मन यांनी शिक्षा रद्दच केली, कारण अशा गोष्टीला अशी शिक्षा होऊ शकते हे खेळाडूला आधी कधी सांगितलंच नव्हतं आणि त्या वकिलाची उलटतपासणीही करू दिली नाही. एप्रिल २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने ती परत लागू केली, दोन विरुद्ध एक. आणि त्या निकालात सुरुवातीलाच स्वच्छ लिहिलंय की ब्रॅडीने बॉलची हवा काढण्यात भाग घेतला की नाही हे ठरवणं आमचं काम नाही, शिक्षा तीन मॅचची असावी, पाचची, की मुळीच नसावी, हेही नाही. त्यांनी फक्त एवढं बघितलं की खेळाडू संघटनेने जो करार सही केलाय त्यात कमिशनरला असा अधिकार आहे का. आहे, म्हणाले. बस. हे दोषी ठरवणं आहे का? संघटनेने तसा करार सही करायला नको होता, हे मात्र खरं, ती चूक त्यांची.

विरोधात मत देणारे न्यायाधीश कॅट्झमन यांचा मुद्दा मला सगळ्यात पटतो. हाताला चिकट पदार्थ लावून बॉल पकडणं, तेही फायदा घेण्यासाठी बॉलच्या पकडीशी खेळणंच, त्याला या लीगमध्ये पहिल्यांदा ८,२६८ डॉलर दंड. गुडेलनी तुलना केली ती स्टिरॉइड घेण्याशी. का, ते कोणी सांगू शकलेलं नाही.

मग "नुसता दंड भरून सुटले". दहा लाख डॉलर दंड, २०१६ चा पहिल्या फेरीचा पिक गेला, २०१७ चा चौथ्या फेरीचा गेला (म्हणजे कॉलेजमधून नवीन खेळाडू निवडायची पाळीच काढून घेतली, पैशापेक्षा हे जास्त लागतं), आणि ब्रॅडी चार मॅच बाहेर. बॉलशी छेडछाड केली तर २५,००० डॉलर दंड असं लीगच्या पुस्तकात होतं. त्यात "एवढ्यापुरतं मर्यादित नाही" असंही आहे, ठीक, पण चाळीस पट? आणि त्याच सीझनला, नोव्हेंबर २०१४ मध्ये, मिनेसोटाच्या मॅचला मैदानाच्या कडेची माणसं कडाक्याच्या थंडीत बॉल हीटरजवळ धरून गरम करताना कॅमेऱ्यात सापडली. त्यांना काय? ताकीद.

हो, पॅट्रियट्सचा इतिहास स्वच्छ नाही, २००७ मध्ये समोरच्या टीमचे इशारे शूट करताना पकडले गेले आणि तेव्हा पहिल्या फेरीचा पिक गेलाच होता, तो बरोबर गेला. जुना हिशेब या वेळी चुकता केला असं इथे बरेच जण म्हणतात. असेलही. मग तसं सांगा, हवेचं नाव कशाला.

स्मिथ-वॉर्नरची तुलना तर डोकं फिरवते. केपटाउनला २०१८ मध्ये सँडपेपर कॅमेऱ्यात दिसला, संध्याकाळी कॅप्टनने स्वतः कबूल केलं. तरी आयसीसीने स्मिथला एकच टेस्ट बाहेर ठेवलं, वर्षाची बंदी त्यांच्याच बोर्डाने घातली. दादा, तुला तुलनाच हवी ना, मग पोर्ट एलिझाबेथ घे, नोव्हेंबर २००१. माइक डेनेसने टीव्हीवरची चित्रं बघून सचिनला एका टेस्टची स्थगित बंदी आणि ७५ टक्के मॅच फी दंड ठोकला, मैदानावरच्या अंपायरांनी काही तक्रार केलेली नसताना. तेव्हा अख्खा देश पेटला होता, पुढची टेस्ट अनधिकृत ठरली, आणि शेवटी आयसीसीला खुलासा करावा लागला की सचिनवर बॉल टँपरिंगचा आरोप नाही, अंपायरला न सांगता बॉल साफ केल्याचा आहे. त्या वेळी घरात सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं ते सगळ्यांना आठवतंय. पुरावा काय, पद्धत काय, हे प्रश्न तेव्हा सुचले होते तुला.

ट्रॉफी परत घ्यायचं तर बोलूच नका. ती ट्रॉफी मिळाली १ फेब्रुवारीला, सिएटलविरुद्ध २८-२४, आणि त्या मॅचचे बॉल लीगच्या पहाऱ्यात होते.

एक गोष्ट त्या फॉरवर्डवाल्याने विचारायला हवी होती. या सगळ्यानंतर २०१५ च्या अख्ख्या सीझनभर लीगने अधूनमधून हाफटाइमला बॉल तपासले. थंडीतल्या मॅचमध्ये बाकी टीम्सचे बॉलही ११.३ ला येतात का, हे त्यातून दिसलं असतं. ते आकडे लीगने जाहीर केलेच नाहीत. गुडेलना विचारलं तर म्हणाले की तो काही अभ्यास नव्हता, नुसता धाक होता. चार मॅच आणि दहा लाख डॉलर ज्या मोजमापावर वसूल केले, तेच मोजमाप दुसऱ्यांदा केलं तर ते दाखवायचं नाही. माझ्या मुलाला मी तेवढंच सांगितलंय, की तुझ्या टीमने काही केलं असेल-नसेल, पण ज्याने शिक्षा दिली त्याने आपली वही झाकून ठेवलीय.