दाढेचा निरंक अहवाल

सरकारी नोकरीत एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला मराठीतला सर्वांत लाडका शब्द विचारला, तर तो डोळे मिटून 'निरंक' (म्हणजे 'नोंदवण्यासारखे काही नाही') म्हणेल. दर महिन्याच्या पाच तारखेला वरिष्ठ कार्यालयाकडे जी विवरणपत्रे जातात, त्यांतल्या निम्म्या रकान्यांत हा शब्द लिहायचा असतो आणि तो लिहिण्यासाठी कपाट उघडावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सगळे सरकार नागपुरात उतरले की तारांकित प्रश्नांची माहिती तासाभरात मागवली जाते. त्या धामधुमीत या एका शब्दाने माझी अब्रू किती वेळा वाचवली, याची मोजदाद मी ठेवलेली नाही, म्हणजे तीही निरंकच. अशा माणसावर स्वतःच्या दाढेसाठी निरंक अहवालाची वाट पाहत बसण्याची पाळी यावी, हा निवृत्तीनंतर निघालेला लेखाआक्षेपच म्हणायचा.

दाढ खालची, उजवीकडची. तिचे रूट कॅनल पंधरा वर्षांपूर्वी एकदा झालेले होते. कुठे, ते आता उकरून काढण्यात अर्थ नाही. पोळ्याच्या करीच्या दिवशी सकाळी मी दरवर्षीप्रमाणे मारबतीची, म्हणजे गावाची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक पाहायला नागपूरच्या इतवारीत गेलो होतो. १८८१ पासूनची काळी आणि १८८५ पासूनची पिवळी, अशा दोन्ही मारबती डोळे भरून पाहिल्या आणि गर्दीबरोबर 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असे घसा बसेपर्यंत ओरडलो. दुपारी, महिनाभराचा श्रावण पाळल्याची भरपाई म्हणून, सावजी मटणावर बसलो. तिसऱ्या नळीला दाढेतून अशी कळ गेली की रश्श्याचा तिखटपणा जाणवेनासा झाला, आणि सावजी खाणाऱ्याला याहून गंभीर लक्षण सांगण्याची गरज नाही. रात्री गाल सुजला. सौभाग्यवतींनी शेकायला मिठाची पुरचुंडी दिली आणि म्हणाल्या, "एवढं बोंबलून राहिले होते, तर मारबतीला दाढेचं नाव काहून नाही सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी मी एका दंत महाविद्यालयात गेलो. तिथे पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला मी आलो. क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळी सावली होती. मुळांतल्या नळ्यांत जुने भरलेले गटापर्चा, म्हणजे रबरासारखे भरण, उकरून काढायचे, नळ्या पुन्हा साफ करायच्या आणि त्या जंतुमुक्त झाल्या की नाहीत हे तपासून मगच दाढ बंद करायची, असे त्यांनी सांगितले. हल्ली दवाखान्यात अशी तपासणी सहसा कोणी करत नाही. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र पाश्चात्त्य देशांतल्या कित्येक दंत महाविद्यालयांत तपासणीत जंतू निघाले नाहीत तरच दाढ भरण्याची शिस्त होती. बाईंच्या प्रबंधाचा विषय तोच होता आणि त्यासाठी त्यांना दाढा हव्या होत्या. मी संमतीपत्रावर न वाचता सही केली. सवयच ती.

तोंडावर हिरव्या रबराचा पडदा ताणून बसवला गेला आणि त्यातल्या भोकातून माझी एकटी दाढ, ग्रामसभेत उभ्या केलेल्या सरपंचासारखी, बाहेर डोकावू लागली. हा पडदा थुंकी आत जाऊ नये म्हणून असतो. नाही तर दाढेचे जंतू कोणते आणि तोंडाचे कोणते, याचा हिशेबच लागत नाही. "आता फाईल आत घालते," असे बाई म्हणाल्या तेव्हा, ही फाईल म्हणजे नळी खरवडायची बारीक कानस असली तरी, मला माहेरच्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखे झाले. एवढ्याशा जागेत फाईल अडकणार तर नाही ना, असे मी हातवाऱ्यांनी विचारले. "क्वचित अडकते काका, कधी तुटतेही," त्या शांतपणे म्हणाल्या. आमच्या कार्यालयात हे दोन्ही क्वचित नव्हते, पण तोंड उघडे असल्यामुळे मला भर घालता आली नाही. मग ब्लीचिंग पावडरचा वास येणारे हायपोक्लोराईट हे जंतुनाशक नळ्यांतून खेळवले गेले, कॅल्शियम हायड्रॉक्साईडचा लेप भरला गेला आणि वर आठवड्यापुरते तात्पुरते झाकण बसले.

खरी तपासणी पुढच्या खेपेला झाली. पेपर पॉईंट म्हणजे कागदाची सुई. दाभणाच्या टोकाहून बारीक, पांढरीशुभ्र आणि इतकी हलकी की बाईंनी ती चिमट्यात धरली तेव्हा माझ्या नाकाच्या श्वासाने हलली. ती घालण्याआधी आधीच्या औषधाचा अंश मारणारे वेगळे पाणी नळीत सोडतात, कारण तो अंश कागदावर आला तर प्रयोगशाळेत जंतू वाढत नाहीत आणि अहवाल खोटाच चांगला येतो. हे ऐकून मी खुर्चीत किंचित आक्रसलो. मिनिटभर सुई आत राहिली, ओली होऊन बाहेर आली आणि बुटक्या बाटलीत पडली. ती बाटली पुढे ३७ अंशांच्या पेटीत ठेवायची होती. मे महिन्यात नागपुरात ३७ अंश मिळाले तर आम्ही त्याला थंडीची लाट म्हणतो, पण तो विषय मी काढला नाही.

चार दिवसांनी अहवाल आला : वाढ आढळली. वाढीचे नाव एंटेरोकॉकस फिकॅलिस. हा मूळचा आतड्यातला रहिवासी. जुन्या, बिघडलेल्या रूट कॅनलमध्ये तो हमखास सापडणाऱ्यांपैकी आहे. नावाच्या उत्तरार्धाचा अर्थ मी विचारला आणि विचारला नसता तर बरे झाले असते. वर तो कॅल्शियम हायड्रॉक्साईडलाही पुरून उरतो. घरी ही बातमी ऐकून सौभाग्यवतींनी माझा पेला वेगळा काढला.

मी चिडून बाईंना विचारले की या जंतूंमुळेच सगळे होते, याला पुरावा काय? त्यांनी अमेरिकेतल्या १९६५ च्या प्रयोगाची हकिगत सांगितली. जन्मापासून निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांच्या दाढा आतल्या नसेला पोचेपर्यंत कोरून उघड्या ठेवल्या, त्यांत खाण्याचे कण कोंबले गेले, तरी नस जिवंत राहिली आणि जखमेवर नवा थर धरू लागला. साध्या उंदरांच्या दाढा मात्र सडल्या. मग स्वीडनमधला १९९७ चा अभ्यास आला : एकेका मुळाचे ५५ दात, पाच वर्षांपर्यंत पाहिलेले, भरण्याआधी जंतू न सापडलेल्यांपैकी ९४ टक्के पूर्ण बरे झाले, सापडलेल्यांपैकी ६८ टक्के. आमच्या काळी ६८ टक्क्यांना पेढे वाटत असत आणि मी स्वतः बी.कॉम. ५२ टक्क्यांवर काठावरून पार केलेले असल्याने, एवढ्यावर दाढ भरून टाकावी असे माझे प्रामाणिक मत पडले. बाईंनी ते मत नोंदवूनही घेतले नाही. क्लोरहेक्सिडिन हे दुसरे जंतुनाशक लावले, पुन्हा आठवडा, पुन्हा कागदाची सुई.

या वेळचा निकाल बाईंनी हसत सांगितला : वाढ नाही. मी म्हणालो, "म्हणजे निरंक!" आणि मग, बहुधा आयुष्यात प्रथमच, त्या शब्दाबद्दल मला शंका आली. आत आता एकही जंतू नाही ना, असे मी विचारले. बाई प्रामाणिक होत्या. सुई मुख्य नळीत जिथवर पोचली तिथवरचाच हा निकाल. आडव्या फाट्यांत, दाताच्या सूक्ष्म छिद्रांत कोणी दडून बसले असेल तर ते कागदाला लागत नाही, आणि तोंडातले कित्येक जंतू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. थोडक्यात, जेवढे कपाट उघडले तेवढ्यात काही सापडले नाही. या शब्दाचा इतका नेमका अर्थ मला कोणत्याही शासन परिपत्रकात मिळाला नव्हता. मी तर कपाटही उघडत नसे.

त्याच दिवशी दाढ भरली गेली. निघताना बाईंनी प्रबंधासाठीचा शेवटचा फॉर्म पुढे केला. त्यात नाव, वय, व्यवसाय आणि अखेरीस एक रकाना होता : 'सध्या जाणवणारा त्रास'. दाढ अजून चांगली ठणकत होती, बधिरपणा उतरत असल्यामुळे ओठाला मुंग्या येत होत्या आणि तासभर ताणलेला जबडा धड मिटत नव्हता. मी खिशातले पेन काढले आणि वळणदार अक्षरात लिहिले : निरंक.