बुवांचं जुनं प्रेम पडद्यावर कसं आणावं

तुमच्या कोकणातल्या गावात सत्तरी ओलांडलेला एखादा पेटीवाला बुवा असेल आणि तरुणपणी त्याचं कुणावर तरी मन होतं, अशी नुसती कुजबुज जरी असली, तरी वेळ घालवू नका. कॅमेरा भाड्याने आणा.

चित्रीकरण जूनमध्येच करा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर झापांखाली पडून असतात. त्या विरहात आहेत, असं निवेदकाकडून घोगऱ्या आवाजात वदवून घ्या. बंदी माशांच्या विणीसाठी असते, हे पुण्याच्या प्रेक्षकाला कोण सांगायला जातंय?

नमुना हवा तर ग्रीसच्या हायड्रा बेटाकडे बघा. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याने 1960 मध्ये तिथं घर घेतलं, नॉर्वेची मारियान त्याच्यासोबत राहिली. 2016 मध्ये दोघंही साधारण तीन महिन्यांच्या अंतराने गेली आणि 2019 मध्ये माहितीपट हजर. तो काढणारा निक ब्रूमफील्ड एके काळी स्वतःच मारियानच्या जवळचा होता, आणि ते त्याने माहितीपटात सांगूनही टाकलं. हे मात्र तुम्ही करू नका, तुम्हाला गावात राहायचंय. शिकण्यासारखं वेगळंच आहे. कोहेनच्या 1969 च्या रेकॉर्डवर मारियानचा टाइपरायटरपाशी बसलेला फोटो आहे. मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला तो. एवढं समजलं की अर्धं काम झालं.

आता आपले बुवा. दशावतारात पेटीला. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू. आज या देवळात, उद्या त्या. रात्रभर नाटक, पहाटे दहीकाला, मग टेम्पोत पडेल तिथं झोप. याला ‘कलावंताची भटकंती’ म्हणायचं. ‘ती’सुद्धा त्याच जत्रांतून फिरायची, गुळात घोळवलेलं खाजं विकत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, रात्रभर उभी. तिच्या फिरण्याला भटकंती म्हणू नका, गोंधळ होतो. तिला ‘प्रेरणा’ म्हणा. प्रेरणेला पाय दुखत नाहीत.

तरुणपणीचे प्रसंग उभे करायला मुलगी शोधत बसू नका. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, एखादा स्त्रीपार्टी नट सहज मिळेल. तो पदर असा सावरेल की खरी ‘ती’ फिकी पडावी. तसंही ती फिकीच पडलेली बरी.

खऱ्या तिची मुलाखत शेवटी घ्या आणि थोडक्यात. तिला उन्हात बसवा, म्हणजे डोळ्यांत पाणी येतं. ‘बुवांची आठवण येते का?’ एवढंच विचारा. नाहीतर ती खाज्याचा गूळ ढवळता ढवळता म्हणेल, ‘‘तेका पेटी मियां घेवन दिलंय. पैशे अजून येवचे आसत.’’

हे कापा. लाटा भरपूर टिपल्या आहेत, त्यातल्या दोन तिथं बरोबर बसतील. मात्र निघताना तिच्याकडून खाज्याची पुडी घेतलीत, तर त्याचे पैसे तरी तेव्हाच चुकते करा.