एकवीस मोदक आणि एक भूत

आदल्या रात्री मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या तंबूत दहावीच्या निकालाचं वातावरण होतं. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर फिरत होता, एकेकाच्या बोटाला तो चिमटा लागायचा आणि बाकीचे अकरा जण माना वाकड्या करून आकडा बघायचे. "८८! वा वा." "८४, ठीके, रिचेकिंगला टाक." माझा आला ७९. मी बोट चोळलं, हात काखेत धरून गरम केला, दुसरं बोट घातलं तर ७८. आमच्या घरी ७९ टक्के पडले असते तर पेढे वाटले असते, इथे मात्र सगळे माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की ह्याचे नवीन शूज कोणाच्या मापाचे आहेत एवढंच ठरायचं बाकी होतं. ग्रुपमधल्या डॉक्टरीणबाईंनी डोकं दुखतंय का, उलटी होतेय का, सरळ रेषेत चालून दाखवा, असं सगळं केलं आणि उद्या हळू चालवा म्हणाल्या. मी आयुष्यात एकदाही सायकल फास्ट चालवलेली नाही, त्यामुळे हे पथ्य सोपं होतं.

तर मनाली ते लेह, सायकलवर. रोहतांग झाला होता, १६ हजार फुटांचा बारालाचा पण झाला होता, आता आजचा दिवस गाटा लूप्स नावाचा वळणांचा घाट आणि त्यावरचा नकी ला (ला म्हणजे खिंड). नकी ला साधारण साडेपंधरा हजार फूट, म्हणजे साडेतीन सिंहगड एकावर एक रचले तर जेवढं होईल तेवढं. आणि माझी सगळी तयारी एका सिंहगडावर झालेली, तीही वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आहे ह्या एकाच प्रेरणेवर.

रात्रभर झोप नाही. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घेतली की बोटांना मुंग्या येतात आणि दर तासाला लघवीला उठावं लागतं, आणि चौदा हजार फुटांवरच्या वाऱ्यात तंबूची चेन उघडून बाहेर जायचं म्हणजे एकेका वेळेला धैर्य गोळा करायला वीस मिनिटं जातात, तोवर पुढची वेळ होते. शेवटी मी बाहेरच उभा राहिलो थोडा वेळ. आकाश मात्र काय दिसतं हो तिथून! पण दात वाजत असताना आकाशगंगा फार वेळ बघता येत नाही.

सकाळी निघालो. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर रस्ता जवळजवळ सपाट, बाजूला खोल दरीत त्सारप नदी, उन्हात तपकिरी-पिवळे डोंगर, आम्ही तर अगदी गाणी वगैरे म्हणत चाललो होतो. मला वाटलं उगाच घाबरवतात लोक. मग एक वळण घेतलं आणि समोरच्या डोंगरावर कोणीतरी इस्त्री करून घडी घातलेलं नऊवारी उभं टाकून दिल्यासारखा रस्ता दिसला. एकावर एक निऱ्या. सगळ्यात वरच्या निरीवर एक ट्रक चालला होता, काडेपेटीएवढा. मी म्हटलं तो वेगळा रस्ता असेल. नव्हता.

गाटा लूप्सची वळणं एकवीस. मी म्हटलं चला, शुभ आकडा आहे, एकेक वळण म्हणजे एकेक मोदक, नैवेद्य समजून करू. आमच्यात एक गिअरवाले काका आहेत, त्यांना जगातला कुठलाही प्रश्न योग्य गिअर टाकून सुटतो असं वाटतं. ते शेजारून जाताना म्हणाले, "लक्षात ठेवा, हवेत ऑक्सिजन इथेही एकवीस टक्केच असतो, फक्त दाब कमी. घाबरायचं कारण नाही." पुढे त्यांनी दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त कसा असतो ते समजावलं. तेवढं बोलायला त्यांच्याकडे दम कुठून आला हा दाब त्यांनी नाही समजावला.

चढ तसा काही भयंकर नाही हो, खरं सांगतो. आपला पसरणी घाट चढलेल्या माणसानं हसावं असा. पण पाय तेच, सायकल तीच, आणि इंजिनात पेट्रोलऐवजी कोणीतरी ताक भरलेलं. पाचव्या मोदकाला मी सगळ्यात हलक्या गिअरवर आलो. सातव्याला त्याहून हलका गिअर शोधला, नव्हता. नवव्याला माझ्या सायकल कॉम्प्युटरवर 'ऑटो पॉज' असं आलं. म्हणजे मी जीव खाऊन पेडल मारतोय आणि त्या डबीचं म्हणणं की हा माणूस थांबलेला आहे! एवढा अपमान माझा सासरीसुद्धा झाला नाही.

आणि मागे टेम्पो. बॅकअपची गाडी सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागे राहते, म्हणजे ती माझी खाजगीच गाडी होती. ड्रायव्हर अतिशय सज्जन. दर दुसऱ्या वळणावर शेजारी येऊन खिडकीतून प्रेमानं विचारायचा, "सरजी, उठा लूँ?" काय शब्द आहे का हा! एकदा खिडकीतून आतली सीट दिसली, मऊ, मरून रंगाची, वर टॉवेल घातलेला. बायकोपासून दूर असताना मी फक्त त्या सीटकडे वाईट नजरेनं बघितलंय. पण नाही म्हणालो. शेवटी पुढे कोणाची तरी चेन तुटल्याचा निरोप आला आणि टेम्पो पुढे निघून गेला, माझ्या पाण्याच्या कॅनसकट, आणि हे मला दोन वळणांनंतर बाटली तोंडाला लावल्यावर कळलं.

आता तिथे वरच्या अंगाला एक जागा आहे. गोष्ट अशी सांगतात की एका ट्रकचा आजारी क्लीनर बर्फात तिथे अडकला, ड्रायव्हर मदत आणायला गेला आणि तो परत येईपर्यंत बिचारा गेला. तेव्हापासून त्याचं भूत येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाणी मागतं म्हणे. म्हणून लोक तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात. शेकडो बाटल्या, सीलबंद, उन्हात चकाकतायत, सोबत सिगारेटी पण. आणि समोर मी, घशाला कोरड, मोदक बहुतेक सतरावा, मोजणी केव्हाच चुकलेली. एक लिटरची बाटली तर अगदी हाताच्या अंतरावर होती. हात पुढे गेलासुद्धा. पण भुताच्या पाण्यावर डोळा ठेवायचा म्हणजे... आपण असलं काही मानत नाही, तरी आज ऑक्सिजन ७९ आहे, आजच कशाला विषाची परीक्षा.

मग मी तिथेच दगडावर बसलो. तोंडाला धुळीसाठी काळा बफ, म्हणजे नाकापर्यंत ओढायचं फडकं, डोळ्यावर गॉगल, ओठांवर पांढरं सनस्क्रीन फासलेलं. खालून एक गाडी आली, काच अर्धी उघडी. मी रिकामी बाटली वर केली आणि सगळा जीव एकवटून, हिंदी-बिंदी सगळं विसरून, ओरडायला गेलो तर आवाजच फुटेना, नुसतं घोगरं निघालं, "पाणीऽऽ..."

गाडी हळू झाली होती ती एकदम अशी सुटली की खडी माझ्या हेल्मेटवर वाजली. मागच्या काचेतून एक लहान पोरगं डोळे फाडून माझ्याकडे बघत होतं. मी त्याला हात केला. त्यानं खाली डोकं घातलं.

पुढचं फार काही सांगण्यासारखं नाही. दोन वळणं सायकल ढकलली, त्यातही कॉम्प्युटरला मी थांबलेलाच वाटलो, मग टेम्पो परत आला, पाणी प्यायलो, संध्याकाळी नकी ला चढलो आणि पलीकडे व्हिस्की नाल्यापर्यंतचा उतार ब्रेक धरून रडकुंडीला येत उतरलो, कारण उतरलेला प्रत्येक फूट उद्या लाचुलुंग ला चढताना परत भरायचा होता. नावावर जाऊ नका, व्हिस्की नाल्यावर आम्हाला मॅगी आणि चहाच मिळाला.

ढाब्याच्या तंबूत बारा जण चिकटून बसलो होतो. ऑक्सिमीटर पुन्हा निघाला, गिअरवाले काका ८२, मी ८१! मी तो चिमटा बोटावरून काढायलाच तयार नव्हतो. तेवढ्यात चहा ओतता ओतता ढाबेवाली ताई सांगायला लागली की दुपारी एक फॅमिली आली होती, घामाघूम, पोरगं थरथर कापत होतं, त्यांनी गाटावर भूत बघितलं. भरदिवसा! पांढरे ओठ, काळं तोंड.

"वही पानी वाला?" काकांनी विचारलं.

"हाँ," ती म्हणाली, "पर पानी नहीं बोला. मैडम बता रही थी, 'पाणी' बोला, 'पाणी'. और सिर पे पीला हेल्मेट था."

अकरा माना हळूच माझ्याकडे वळल्या. माझं पिवळं हेल्मेट शेजारीच पडलं होतं. मी ते मांडीखाली सरकवलं आणि अजून एक मॅगी सांगितली.