रिमेकने कथेतलं मरण बदलू नये? एका दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

(फायनल फँटसी ७ आणि त्याचे दोन रिमेक, पर्सोना ३, प्रिन्स ऑफ पर्शिया, लिंक्स अवेकनिंग आणि रेसिडेंट एव्हिलचे काही भाग यांतले महत्त्वाचे प्रसंग आणि शेवट इथे उघड केले आहेत.)

'फायनल फँटसी ७' या १९९७ च्या गेमच्या रिमेकचा, म्हणजे नव्याने बनवलेल्या आवृत्तीचा, दुसरा भाग 'रीबर्थ' २९ फेब्रुवारी २०२४ ला आला. त्यात एरिथ या पात्राच्या मरणाचा प्रसंग बदलला आहे. तेव्हापासून एक दावा जोरात फिरतो आहे. रिमेकने जुन्या गेमला नवं चित्र, नवा आवाज, नवी लढाई द्यावी. कथेत कोण मरतं आणि कोण जगतं याला हात लावू नये. कारणं पाच सांगितली जातात. मूळ लेखकांच्या हेतूशी प्रतारणा होते. नावाजलेल्या रिमेकनी असं कधी केलं नाही. मरण बदललं की त्याचा घाव बोथट होतो. नव्या खेळाडूला मूळ कथा कळतच नाही. आणि मूळ गेम पुसला जातो. दाव्यामागचं प्रेम खरं आहे, पण कारणं एकेक करून तपासली की बहुतेक डळमळतात.

१. "मूळ लेखकांशी प्रतारणा"

मूळ गेम ३१ जानेवारी १९९७ ला जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला. दिग्दर्शक योशिनोरी कितासे, पात्रांची रेखाटनं तेत्सुया नोमुरा यांची, पटकथा काझुशिगे नोजिमा आणि कितासे यांची. १० एप्रिल २०२० ला आलेल्या पहिल्या रिमेकचे निर्माते कितासे, दिग्दर्शक नोमुरा आणि कथालेखक नोजिमा. रीबर्थचं दिग्दर्शन नाओकी हामागुची यांनी केलं, तरी हे तिघे तिथेही आहेतच. म्हणजे परक्या माणसांनी येऊन दुसऱ्यांची गोष्ट फिरवली, असं इथे झालेलं नाही.

मात्र याच्या उलट टोकाचं म्हणणंही पटण्यासारखं नाही: "गोष्ट त्यांची, ते वाटेल ते करतील." हक्क आहे म्हणून बदल आपोआप चांगला होत नाही. तो चांगला झाला का, हे श्रेयनामावलीत दिसत नाही, खेळताना दिसतं.

२. "चांगल्या रिमेकनी भवितव्य कधी बदललं नाही"

ही माहितीच चुकीची आहे. २००५ च्या रेसिडेंट एव्हिल ४ मध्ये नायक लिऑनला मदत करणाऱ्या लुईस सेराला खलनायक सॅडलर किल्ल्यात मारतो, आणि तोवर लुईसशी आपली जेमतेम ओळख झालेली असते. २०२३ च्या रिमेकमध्ये लुईस लिऑनच्या खांद्याला खांदा लावून लढतो, मग क्राउझर या शत्रूच्या हातून मरतो. रेसिडेंट एव्हिल ३ मध्ये (१९९९) ब्रॅड विकर्स या पोलिसाला नेमेसिस हा राक्षस मारतो; २०२० च्या रिमेकमध्ये ब्रॅडला झोंबी चावतो.

त्याच रिमेकने याहून मोठा बदल केला, आणि त्याची चर्चा व्हायला हवी होती. १९९९ च्या गेममध्ये ऐन संकटात चित्र थबकायचं, दोन पर्याय समोर यायचे आणि काही सेकंदांत एक निवडावा लागायचा. दगाबाज निकोलाय मरतो की निसटतो, शेवटी मदतीला जुना सहकारी बॅरी बर्टन येतो की नाही, हे त्या निवडींवर ठरायचं. रिमेकने ही सोयच काढून टाकली, आणि घड्याळाच्या मनोऱ्याचा मूळ भागही गाळला. एक पात्र वेगळ्या हाताने मेलं याने कथा थोडी हलते. भवितव्य ठरवण्याचं काम खेळाडूकडून काढून घेतलं की गेमची जातच बदलते.

शिवाय 'मूळ भवितव्य' एकच होतं हे गृहीत कुठून आलं? सायलेंट हिल २ (२००१) तुमचं वागणं गुपचूप मोजत राहतो. जखमी अवस्थेत फिरत राहिलात, वाटेत भेटलेल्या अँजेलाचा सुरा काढून निरखलात, तर नायक जेम्सचा शेवट पाण्यात होण्याकडे कल वाढतो. जखमा लगेच भरल्यात, त्याच्या मेलेल्या बायकोचं, मेरीचं, पत्र आणि फोटो पाहत राहिलात तर वेगळा शेवट. ऑक्टोबर २०२४ च्या रिमेकने जुने शेवट ठेवून दोन नवे जोडले. यातला कोणता शेवट जपायचा, याचं उत्तर दाव्यात नाही.

जिथे शेवट तसाच ठेवणं योग्य होतं, तिथे तो ठेवला गेलाच आहे. लिंक्स अवेकनिंगमध्ये (१९९३, रिमेक २०१९) आठ वाद्यं गोळा करून, ज्याच्या स्वप्नात सगळं घडतंय त्या विंड फिशला जागं केलं की कोहोलिंट बेट आणि त्यावरची सगळी माणसं नाहीशी होतात. ती नाहीशी होण्याचं काम खेळाडूने स्वतःच्या हाताने, एकेक वाद्य मिळवत केलेलं असतं. तिथे शेवट बदलला असता तर आधीचा सगळा खेळ निरर्थक झाला असता.

३. "मरण बदललं की घाव बोथट होतो"

पाचांतलं हे सगळ्यात वजनदार कारण, म्हणून एरिथचं मरण १९९७ मध्ये नेमकं कसं घडवलं होतं ते नीट पाहायला हवं.

एरिथ ही गटातली बरं करणारी. तिचे बहुतेक लिमिट, म्हणजे मार खाऊन भरणारे खास डाव, इतरांना जपणारे. शेवटचा 'ग्रेट गॉस्पेल' मिळवायचा तर आधीचे सहाही शिकून घ्यावे लागतात, म्हणजे तिला गटात ठेवून तासन्‌तास लढायचं. मग जुनॉनजवळच्या गुहेत झोपलेल्या माणसाकडून मिथ्रिल मिळवायचं. तुमच्या एकूण लढायांच्या आकड्याचे शेवटचे दोन अंक सारखे असल्याशिवाय तो काही देत नाही. ते मिथ्रिल शस्त्रविक्रेत्याच्या घरी न्यायचं आणि तिथल्या दोन पेट्यांपैकी छोटी उघडायची. इतकी मेहनत गेम पहिल्या डिस्कवर करू देतो, आणि त्याच डिस्कच्या शेवटी एरिथला कायमची काढून घेतो. ज्याने तिच्यावर जास्त वेळ घालवला त्याचं नुकसान जास्त. दुसऱ्या डिस्कवरच्या पहिल्याच अवघड लढाईत गटातली पोकळी हाताला जाणवते.

प्रसंगाची मांडणीही तितकीच विचारपूर्वक आहे. खलनायक सेफिरॉथची तलवार, एरिथच्या केसांतून निसटून पायऱ्यांवरून उड्या मारत पाण्यात पडणारा पांढरा मटेरिया (जादूचा गोळा), आणि संगीतकार नोबुओ उएमात्सु यांची एरिथची धून. लगेच जेनोव्हा या राक्षसाशी लढाई सुरू होते, पण नेहमीचं बॉसचं (मोठ्या शत्रूचं) संगीत वाजत नाही; तीच धून चालू राहते. लढाई मुद्दाम सोपी आहे: शत्रूची प्राणशक्ती फक्त १०,००० एचपी, पाण्याचे ठरावीक हल्ले. लक्ष जगण्या-मरण्यात अडकत नाही, म्हणून धून ऐकू येते. लढाईनंतर एकेक साथीदार निरोप घेतो आणि नायक क्लाउड तिला पाण्यात सोडतो.

रीबर्थमध्ये क्लाउड तलवार अडवतो. चित्र लुकलुकतं, रक्त दिसतं, नाहीसं होतं, पुन्हा दिसतं. इतरांसाठी एरिथ मेलेली आहे, क्लाउडला ती दिसत राहते. मग टप्प्याटप्प्यांची लांबलचक लढाई, मध्येच झॅक (मूळ कथेत आधीच मेलेला क्लाउडचा मित्र) आणि क्लाउडची जोडी, आणि शेवटच्या टप्प्यात एरिथ पुन्हा तुमच्या गटात, तुमच्या बटणांच्या ताब्यात. पाण्यातला निरोप दाखवलेलाच नाही.

इथे घाव खरोखर बोथट झाला आहे, हे मान्य करायला हवं. पण दावा म्हणतो त्या कारणाने नाही. एरिथ वाचलेली नाही. मुख्य घटना बहुतांशी तशीच आहे. चुकलं ते हे, की जिचं जाणं हाताला जाणवायला हवं होतं तिला काही मिनिटांतच हातात परत दिलं, आणि निरोपाचा क्षण पुढे ढकलला. लढाया अवघड आणि अनेक टप्प्यांच्या असल्यामुळे दुःखाला थांबायला जागाच उरली नाही. घटना जपूनही परिणाम गमावता येतो, हे यातून दिसतं.

उलट घटना बदलूनही परिणाम राखता येतो. पर्सोना ३ मध्ये साथीदार शिंजिरो ४ ऑक्टोबरला गोळी लागून मरतो. पोर्टेबल आवृत्तीत नायिका निवडली तर त्याला वाचवता येतं, पण त्यासाठी तो गटात आल्यावर मिळणाऱ्या मोजक्या दिवसांत त्याच्याशी मैत्री शेवटपर्यंत न्यायची आणि त्याचं हरवलेलं खिशातलं घड्याळ शोधून द्यायचं. ते दिवस इतर कुणाला देता येत नाहीत. आणि वाचला तरी तो बेशुद्ध राहतो, लढाईत परत येत नाही. गटातली जागा दोन्ही वाटांवर रिकामीच राहते. २०२४ च्या 'रीलोड' या रिमेकने त्याचं मरण कायम ठेवलं, तेही चांगलं उतरलं. दोन्ही आवृत्त्यांत नुकसान खेळाडूच्या हिशेबात नोंदलं जातं.

प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम (२००३) तर मुळातच या प्रश्नावर उभा आहे. याच्या रिमेकची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली आणि काम आधी युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं, पुढे २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेलं आणि २०२६ मध्ये रद्द झालं. मूळ कथेत महाराजाची मुलगी फराह मरते आणि राजपुत्र सगळा काळ उलटा फिरवतो. ती जगते, पण तिला तो आठवत नाही. आदल्या रात्रीपर्यंत जिच्याशी जिवाची ओळख होती तिच्यासमोर तो अनोळखी घुसखोर आहे. मरण पुसलं गेलं, त्याची किंमत त्याने एकट्याने भरली. रिमेकमधल्या प्रत्येक बदलाला हाच प्रश्न विचारावा: जे वाचवलं त्याची किंमत कुणी भरली, आणि ती भरताना खेळाडूच्या हातातून काय गेलं? फायनल फँटसी ७ च्या पहिल्या रिमेकमध्ये झॅक जिवंत दिसतो त्याची किंमत रीबर्थ संपेपर्यंत कुणी भरलेली नाही, आणि त्या धाग्याचं पोकळपण तिथूनच येतं.

४. "नव्या खेळाडूला मूळ कथा कळत नाही"

हे बऱ्याच अंशी खरं आहे. फायनल फँटसी ७ च्या पहिल्या रिमेकमधले करडे, झगा पांघरलेले व्हिस्पर ठरलेली कथा रुळावर ठेवायला येतात. चौथ्या प्रकरणात ते साथीदार जेसीला जखमी करतात, म्हणून क्लाउडला मोहिमेवर घ्यावं लागतं. सतराव्यात सेफिरॉथने भोसकलेला साथीदार बॅरेट त्यांच्यामुळे जिवंत होतो. मूळ गेम माहीत असलेल्याला प्रत्येक वेळी कथा कुठे घसरत होती ते समजतं. नव्याला फक्त भुतं दिसतात. अठराव्या प्रकरणातल्या तीन व्हिस्परांवर शत्रूची माहिती दाखवणारा असेस मटेरिया वापरला नाही, तर ते भविष्यातून आलेत आणि त्या भविष्याच्या रक्षणासाठी लढतायत हे वाचायलाही मिळत नाही. एक तलवारीने, एक नुसत्या हातांनी, एक बंदुकीने लढतो, आणि यावरून २००५ च्या अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन या चित्रपटातली तीन भावंडं ओळखायची अशी अपेक्षा आहे. एवढं गृहीत धरणं हा लेखनाचाच दोष.

उपाय मात्र सोपा आहे. आधी १९९७ चा गेम खेळा. प्लेस्टेशन ४, स्विच आणि एक्सबॉक्स वनच्या आवृत्तींत तिप्पट वेग आणि अचानक येणाऱ्या लढाया बंद करण्याची सोय आहे. लढाया सरसकट बंद ठेवू नका, गट कमकुवत राहून बॉसपाशी अडकाल. आलेली वाट पुन्हा तुडवतानाच बंद करा. मग पहिला रिमेक, आणि झॅकसाठी क्रायसिस कोर रियुनियन. रीबर्थ त्यानंतर.

५. "मूळ गेम पुसला जातो"

फायनल फँटसी ७ च्या बाबतीत हे खोटं आहे. मूळ गेम आजही वेगळा विकत मिळतो. पण पुसलं जाणं ही खरी भीती आहे, आणि तिचा कथाबदलाशी संबंध नाही. वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्ड २८ जानेवारी २०२० ला आला तेव्हा ज्यांनी तो घेतलाही नव्हता त्यांचा जुना गेमही नव्या प्रणालीवर ओढला गेला, आणि क्रमवारीच्या लढती, क्लॅन (खेळाडूंचे गट) अशा सोयी गेल्या. कथा जवळपास तीच होती. २०२१ मध्ये जीटीए ट्रिलॉजीची नवी आवृत्ती येण्याआधी जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढले गेले; ओरड झाल्यावर ते पीसीवर परत आले. सायलेंट हिल २ च्या २०१२ च्या एचडी आवृत्तीच्या वेळी तर पूर्ण झालेल्या गेमचा मूळ कोडच जपलेला नव्हता, अपुऱ्या कोडवरून काम करावं लागलं आणि धुकं, आवाज, सगळंच बिघडलं.

तेव्हा तक्रार करायची तर इथे करा, आणि कामाच्या मागण्या घेऊन करा: रिमेक आल्यावरही जुनी आवृत्ती स्वतंत्र नावाने विक्रीत राहावी, रिमेकच्या अपडेटने तिच्या फाइलींना हात लावू नये, मूळ कोड आणि ध्वनिफिती कंपनीने जपाव्यात. जुना गेम तुमच्याकडे असेल तर रिमेकच्या तारखेआधी त्याची स्थापनाफाइल आणि सेव्ह वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा, आणि इंटरनेट बंद करून तो चालतो का हे एकदा तपासून घ्या.