ताटावरून उठणारी पोरगी निर्दयी नसते

आमच्या राजारामपुरीतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "जेवण टाकणाऱ्या पोरी स्वतःपुरतंच बघतात. आईच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसत नाही. काय होतंय ते पक्कं ठाऊक असतं, मुद्दाम सांगत नाहीत. चार दिवस धाक दाखवा, जेवतील." माझ्या भाचीला ॲनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तुटत जाण्याचा मानसिक आजार. गप्प बसवत नाही.

पाणी दिसत नाही? रविवारी तांबडा-पांढरा केला की वाढायला तीच उभी राहते. आजोबांना तिखट सोसत नाही, म्हणून पांढऱ्याची वाटी आधी त्यांच्यापुढं. आईनं नुसता सुस्कारा टाकला तरी हिचा चेहरा उतरतो. स्वतःची चतकोर भाकरी मात्र कुस्करून ताटाच्या कडेला. अभ्यासकांनाही साधारण हेच दिसलंय: या आजारात दुसऱ्याच्या दुःखानं कळवळणं बहुधा शाबूत असतं, समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ताडणं जड जाऊ शकतं. आईच्या रागामागची काळजी न ओळखणं वेगळं आणि आईची पर्वा नसणं वेगळं.

त्यात उपासमारीचा वाटाही मोठा. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना कसं सावरायचं हे कळावं, म्हणून ते आपणहून पुढं आले होते. तीच माणसं चिडचिडी झाली, एकमेकांना टाळू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसली. त्यांना कोण स्वार्थी म्हणेल?

"मुद्दाम सांगत नाहीत" हे मला फार लागलं. "काय होतंय गं?" विचारलं की ती म्हणते, "मावशी, पोटात गच्च झालंय." राग आहे, भीती आहे की लाज, तिलाच उमगत नाही. भावना ओळखून तिला शब्द देता न येण्याला अलेक्सिथिमिया म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात हा शब्द रूढ केला. खाण्याच्या विकारांत तो जास्त आढळतो, सगळ्यांत नाही. आता मी "का जेवत नाहीस" विचारत नाही. "गच्च कधीपासून?" विचारते, आणि थांबते.

धाकानं पोरगी लपवायला शिकते, एवढंच होतं. चक्कर येत असेल, नाडी मंद असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हृदयावर बेतू शकतं. मनाचं बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.