मकरंद साठे यांच्यावरील लेख : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

नाटककार मकरंद साठे यांच्यावरील माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. व्यवसायाने वास्तुरचनाकार असलेल्या साठ्यांनी नाटक, कादंबरी आणि रंगभूमीचा इतिहास असे सगळेच हाती घेतल्यामुळे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत झाली आहे, हा आपला मुख्य आक्षेप. पुण्यातल्या प्रायोगिक नाटकांचे कौतुक इंदूरकरांना सांगून उपयोग काय, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. ‘चारशे कोटी विसरभोळे’ हे नाटक आणि ‘अच्युत आठवले आणि आठवण’ ही कादंबरी लागोपाठ वाचल्यास विस्मरणाचा एकच प्रश्न दोन्हीकडे निरनिराळ्या अंगांनी हाताळलेला दिसतो. नाटकाला तो चारचौघांत, बोलण्यातून मांडावा लागतो. कादंबरीला स्मृती हरपलेल्या एका विचारवंताच्या डोक्यात शिरता येते. ‘मराठी रंगभूमीच्या तीस रात्री’ या तीन खंडांचेही तसेच आहे. विष्णुदास भाव्यांच्या 1843 मधील ‘सीतास्वयंवरा’पासूनची वाटचाल, तिच्यामागच्या समाजकारण-राजकारणासह, प्राध्यापकी निबंधांतून न सांगता रात्रीमागून रात्र चालणाऱ्या संभाषणातून सांगण्याची कल्पना नाटककारालाच सुचावी. (खंड जाडजूड आहेत, हे मात्र खरे.)

‘सूर्य पाहिलेला माणूस’ या नाटकात ‘नुसती चर्चा’ आहे, असे आपण म्हणता. सॉक्रेटिसवरच्या नाटकात चर्चा नसेल तर काय असेल? प्रश्न विचारत राहिल्याबद्दलच इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सने त्याला विषाचा प्याला दिला. तेव्हा तो सत्तरीचा होता. आणि 1999 मध्ये अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली ही भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू यांनीही सत्तरी ओलांडली होती. त्या वयात इतकी दीर्घ, युक्तिवादांनी भरलेली वाक्ये पाठ करून प्रेक्षकांना बांधून ठेवायचे, तर संहितेतही दम हवाच. साठ्यांची पात्रे कधीकधी गरजेपेक्षा जास्त बोलतात, हे मात्र मीही म्हणेन.

राहिला इंदूरचा प्रश्न. ‘सानंद’ या संस्थेमुळे आपल्याकडे इंदूरला मराठी नाटके नियमित होतात आणि सभासद ती आवडीने पाहतात; पण त्यांत बहुतांश नाटके व्यावसायिक असतात. जे रंगमंचावर सहसा पाहायला मिळत नाही, त्याची ओळख लेखातून करून द्यावी, एवढाच माझा हेतू होता. साठ्यांची नेमकी कोणती कादंबरी आपल्याला ‘चिंधी’ वाटली, ते कळवावे; मग तिच्यावरच बोलू.