'वेइजी'त संधी कुठून आली?

"चिनी भाषेत संकट हा शब्द दोन अक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ धोका, दुसऱ्याचा संधी." मंदी आली, नोकरकपात सुरू झाली की हा संदेश हमखास फिरतो. शब्द खरा आहे: वेइजी. उरलेले दावे एकेक करून तपासू.

"पहिलं अक्षर म्हणजे धोका." चालेल. फक्त 'वेइ'चा जुना रोख उंचीकडे आहे. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शेन यांनी रचलेल्या 'शुओवन' कोशात त्याचा अर्थ 'उंचावर असून भ्यालेला' असा दिलाय. कन्फ्यूशियसच्या वचनांत मात्र 'वेइ बोलणं' म्हणजे भीडभाड न ठेवता ताठ बोलणं.

"दुसरं अक्षर म्हणजे संधी." खरी गडबड इथे आहे. 'जी'च्या डावीकडे लाकडाचं चिन्ह असतं आणि उजवा भाग उच्चार सुचवतो. पारंपरिक रूपात रेघा १६, चीनमधल्या सोप्या रूपात ६. लाकूड अशासाठी, की जी ही यंत्राची कळ. 'शुओवन' म्हणतो: सुटणं ज्याच्या ताब्यात, ती जी. हे वर्णन आडव्या यांत्रिक धनुष्याच्या खटक्याला नेमकं बसतं. हान राजवटीच्या काळातल्या खटक्यात कांस्याच्या पेटीत दोरी अडवणारा 'दात', खाली 'लटकती सुरी' म्हणजे चाप आणि दोघांमध्ये अडसर असे. चाप ओढला की अडसर सरकतो, दात खाली पडतो, दोरी सुटते. मागालाही जीच म्हणत. अभ्यास सोडून आलेल्या मेन्शियससमोर (हा पुढे मोठा चिनी तत्त्वज्ञ झाला) त्याच्या आईनं मागावरचं विणकाम कापलं, त्या कथेतला तो माग.

यातूनच 'निर्णायक क्षण' हा अर्थ निघाला. 'यीजिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या परिशिष्टात बोलणं-वागणं ही सज्जनाची बिजागरी आणि जी म्हटलीय: ती सुटली की मान किंवा अपमान ठरतो. कुठला, ते अक्षर सांगत नाही.

हा संदेश खोडून काढणारेही कधी कधी वाहवत जातात आणि 'जी म्हणजे संधी कधीच नाही' असं ठोकून देतात. तेही चूक. 'जी बु के शी' म्हणजे 'जी हातची घालवू नये' हा जुना वाक्प्रचार आहे आणि तिथे जी ही संधीच. पण तो अर्थ वाक्यातून येतो. नेहमीच्या बोलण्यात संधीला 'जीहुइ' म्हणतात. विमान म्हणजे 'फेइजी', आणि 'शाजी' म्हणजे मनातला खुनाचा हेतू. प्रत्येक जीला संधी मानलं तर विमान ही 'उडण्याची संधी' ठरेल!

"हे प्राचीन चिनी शहाणपण आहे." तिसऱ्या शतकातल्या एका पत्रात 'वेइजी गुपचूप सुटेल' अशी धास्ती व्यक्त झालीय. दडवलेल्या सापळ्याचा खटकाच तो. दिलासा कुठेच नाही. 'धोका अधिक संधी' ही फोड गाजवली ती इंग्रजी भाषणांनी. जॉन एफ. केनेडी यांनी एप्रिल १९५९ मध्ये इंडियानापोलिसला ती वापरली होती.

"पण चिनी लोकही असंच म्हणतात." म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये शी जिनपिंग म्हणाले, वेइ आणि जी नेहमी एकत्र नांदतात, वेइवर मात केली की तीच जी. ही शाब्दिक कोटी आहे. जीहुइमधली जी डोक्यात असल्यामुळे ती साधते. एरवी बातम्यांत 'जिनरोंग वेइजी' म्हणजे निव्वळ वित्तीय संकट. २००८ चं संकटही याच शब्दानं ओळखलं जातं.